काळी नळी

ती घटना मला आजही आठवते, पण डोळ्यांनी नाही, नाकानं. करंजीच्या तेलाचा वास कुठून आला, की मी हातातलं काम टाकते आणि बारामतीच्या ठाण्याचा तो व्हरांडा समोर उभा राहतो. पुढची हकीकत वाचलीत, की का ते कळेल तुम्हाला. नावं मात्र कुणाची घेणार नाही. माणसं गेली, त्यांची नातवंडं आहेत, सुखात आहेत.

आधी माझं सांगते. मी काही फौजदार नव्हते. त्या काळी बाईला कोण फौजदार करतंय! माझे मालक शिपाई होते, तापानं गेले. ठाण्यात संशयित बाई आली तर तिची झडती पुरुषांनी घ्यायची नाही असा नियम. त्यासाठी एक बाई लागते. आमच्या फौजदारसाहेबांनी मला त्या कामावर घेतलं. झडती घ्यायची, बाईची जबानी चालू असताना शेजारी बसायचं, कच्च्या कैदेत बाई असली तर दाराशी राहायचं. बाकी वेळ मुद्देमालाची खोली झाडायची. लिहावाचायला मी तिथंच शिकले, भिंतीवरच्या हुकमांच्या कागदांवरून. म्हणून माझ्या लिहिण्यात अजून ठाण्याचे शब्द येतात. ते चालवून घ्या.

साल एकोणीसशे तीसच्या पुढचं. नीरेच्या कालव्यानं ऊस वाढलेला, गुऱ्हाळं वाढलेली, आणि गुऱ्हाळ आलं की ऊस पिळायचा लोखंडी चरक आला. चरक तडकला, दात मोडला, की पूर्वी तो थेट पुण्याला न्यावा लागे. मग बारामतीत एक मिस्त्री आला. मुंबईच्या कारखान्यात काम करून आलेला, तरणा, बोलायला तिखट. त्यानं स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान घातलं आणि लोखंड ज्योतीनं वितळवून जोडायला लागला. लोक नुसती गंमत बघायला उभे राहायचे. मीही राहिलेय.

त्याच्याबरोबर भागीत होता एक लोहार. वयानं मोठा, सगळे त्याला तात्या म्हणत. हात लोखंडासारखे आणि तोंडही तसंच. मिस्त्रीला नव्या विद्येची माहिती आणि तात्याला लोखंडाच्या स्वभावाची, म्हणून जोडी जमली. पण दोघांची भांडणं म्हणजे आख्ख्या रस्त्याची करमणूक.

पहिलं भांडण गॅसवरून. एक फिरता विक्रेता रॉकेलच्या वाफेवर चालणारी बत्ती घेऊन आला. स्वस्त पडेल म्हणाला. मिस्त्री भुलला. तात्या म्हणाला, "अरं, त्येनं पत्रा कापशील, पट्टी कापशील. चरक जोडायला त्येवढी धग हाय का त्येच्यात? दुधाच्या भांड्याखाली काडी वडल्यासारखं व्हईल." मग मिस्त्री म्हणाला, मुंबईहून गॅसचा भरलेला बाटलाच मागवू. तर तात्या म्हणाला, "हवेचा बाटला येतोय तेवढा पुरे. त्यो वेळेवर आला न्हाय तर आधीच बसावं लागतंय हात चोळत. गॅसला कार्बाईड हाय की! जत्रंत दुकानदार दिव्यात घालत्यात त्योच दगूड. डबा आणला, पाणी सोडलं, झाला गॅस." शेवटी तात्याचं ऐकलं. पिंपात कार्बाईड, वरून पाण्याची धार, आणि लसणासारखा घाण वास. हा झाला पेटणारा गॅस. आणि लोखंडी उंच बाटल्यात ती हवा, आगगाडीनं येणारी, ऑक्सिजन म्हणतात ती. ती स्वतः पेटत नाही, पेटलेल्याला जोर देते. एवढं लक्षात ठेवा.

दुसरं भांडण नळ्यांवरून. मिस्त्री इंजिनाच्या पंपाची रबरी नळी कापून दोन्हीकडं लावायला निघाला होता. तात्यानं ती हातातून ओढून घेतली. पुण्याहून दोन नव्या आणायला लावल्या, तांबडी गॅसला, काळी हवेला. तांबडीचे आटे उलटे फिरायचे, काळीचे सुलटे, म्हणजे घाईतसुद्धा एकीच्या जागी दुसरी बसायची नाही. "पाणी गळलं तर जमीन भिजती," तात्या म्हणाला होता, "गॅस गळला तर मानूस जातंय."

आणि तिसरं भांडण शेवटचं ठरलं. मिस्त्री काम संपलं की नळ्या पत्र्याच्या भिंतीवर उन्हात टांगून ठेवायचा. गिऱ्हाइकं बसलेली असताना तात्या ओरडला, "रबर हाय ते! उन्हानं तडकतंय. नळीची निगा राखली न्हाईस तर एक दिस तुझं तोंड भाजंल, मग म्हणशील तात्या बोलला हुता!"

मिस्त्री म्हणाला, "माझ्या दुकानात मला शिकवू नका."

"तुझं दुकान व्हय? बरं." तात्यानं पागोटं उचललं आणि चालता झाला. त्याची ऐरण तिथंच राहिली. ती उचलून न्यायला चार माणसं लागायची, आणि रागावलेला माणूस चार माणसांची वाट बघत नाही.

हे झालं नवरात्राच्या आधी. दसरा झाला आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात भडका उडाला.

एक गुऱ्हाळवाला चरकाचं चाक घेऊन आला होता. त्यानं पंचनाम्यात सांगितलं ते असं: मिस्त्रीनं निळा चष्मा चढवला, बाटल्याची चावी फिरवली, आणि काडीसुद्धा ओढली नव्हती तोवर बाटल्याच्या तोंडाशीच जाळ झाला. काळी नळी सापासारखी उसळली आणि फाटली. मिस्त्रीचं तोंड आणि उजवा हात भाजला. डोळे त्या चष्म्यानं वाचले. गुऱ्हाळवाल्यानंच त्याच्यावर घोंगडी टाकली आणि शेजाऱ्यांनी लांबून माती मारून जाळ विझवला.

फौजदारसाहेबांनी पंचनामा केला, जळालेल्या वस्तू मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतल्या. दवाखान्यात मिस्त्रीच्या तोंडाला पट्ट्या, शुद्ध येत-जात होती, त्याला बोलता येईना. त्याच्या बायकोला मी मिस्त्रीण म्हणते. वीस-बाविशीची पोर, इंदापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. ती नुसती भिंतीला टेकून बसलेली.

खबर आणली समोरच्या चहावाल्यानं. "सायेब, नवमीच्या सांजंला तात्या दुकानातनं भायेर पडताना मी बगितला. चोरावानी इकडं-तिकडं बघत. आन् त्यो बोलला हुता ना, तुझं तोंड भाजंल म्हणून!"

आणखी चौघांनी तेच सांगितलं. तोंड भाजंल. तात्या पुढचंमागचं काय म्हणाला, रबर, ऊन, निगा, ते एकालाही आठवेना. पुढं पुष्कळ वर्षं मी हे पाहिलं. साक्षीदार खोटं बोलतो असं नाही, पण भांडणातलं जळजळीत तेवढं ध्यानात ठेवतो आणि शहाणपण सांडून टाकतो.

तात्या घरी नव्हता. दसऱ्याच्या सकाळीच कळंबला बहिणीकडं गेलेला. झालं, फरारी ठरला! हवालदार सायकल मारत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आले. पळाला वगैरे नव्हता, बहिणीच्या औताचा फाळ शेवटीत, म्हणजे ठोकून त्याला नवं टोक काढीत बसला होता.

साहेबांनी त्याला समोर बसवलं. मी मुद्देमालाची खोली झाडत होते, दार उघडं. सगळं ऐकू येत होतं.

"नवमीच्या संध्याकाळी दुकानात गेला होतास?"

"गेलतो."

"कशाला?"

"देवाला."

"दुकानात कुठला देव?"

"माझा."

"आत कसा गेलास? कुलूप होतं ना?"

तात्या हातांवरचे घट्टे खरवडू लागला.

हवालदार तापले. "तोंड उघड की! ऐरणीवर घण मारतोस तसा ठोकू का?"

"ऐरण कवा बोलली का, हवालदार?" तात्या म्हणाला. "घणच दमतोय."

साहेबांनी हवालदारांना बाहेर पाठवलं. आमचे साहेब मारहाणीतले नव्हते. ते म्हणायचे, मारून आपल्याला हवं ते ऐकू येतं, खरं ऐकू येत नाही. त्यांनी तात्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "उद्या तुला म्याजिस्ट्रेटपुढं उभा करावा लागेल. तू धमकी दिलीस, तू चोरून आत गेलास, नंतर गाव सोडलंस. हे एवढं पुढं गेलं तर तुला पुण्याला धाडतील आणि किती वर्षांनी परत येशील ते मी सांगू शकत नाही. आत कसा गेलास एवढं सांग."

"सायेब, ते म्या सांगणार न्हाय. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कशाचा?"

रात्रीसाठी त्याला कच्च्या कैदेत घातला. साहेब माझ्याकडं मुद्देमालाच्या खोलीत आले आणि त्या दोन नळ्या टेबलावर मांडून बघत बसले.

"बाई, हे बघा. पेटणारा गॅस जातो तांबडीतून. तांबडी शाबूत आहे. पिंपात पाणीसुद्धा सोडलं नव्हतं, म्हणजे गॅस झालाच नव्हता. काळीतून जाते ती हवा, ती स्वतः पेटत नाही. आणि जळाली ती काळी. तीही आतून. फाटलेल्या कडा बघा, बाहेर वळल्यात. सुरीनं कापली असती तर अशी फाटली नसती. आत काहीतरी होतं. तात्यानं घातलं असेल का? काय घातलं?"

त्यांनी नळीचा न जळालेला तुकडा उचलून माझ्या हातात दिला. मी तो सहज नाकाशी नेला, बायकांची सवय. आणि मला माझा सासरा आठवला.

"साहेब, हिला मोटेचा वास येतोय."

"मोटेचा?"

"विहिरीवरची मोट. कातडं उन्हानं तडकू नये म्हणून करंजीचं तेल चोळतात. माझा सासरा मोटेची सोंड मांडीवर घेऊन बसायचा, आतून-बाहेरून तेल पाजायचा."

सोंड म्हणजे मोटेची खालची कातडी नळी, तिच्यातून पाणी विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पडतं. साहेब पुण्याचे, त्यांनी मोट लांबून पाहिलेली. पण ते हसले नाहीत. एकदा नळीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लोहार मोटेला तेल लावतो का, बाई?"

"लोहार कशाला लावंल? ज्याच्या घरी मोट, तो लावतो."

"मिस्त्रीची बायको शेतकऱ्याची मुलगी ना?"

मी मान हलवली. त्यांनी तुकडा फडक्यात गुंडाळला. मग ते म्हणाले, "सकाळी दवाखान्यात जा. माझ्यासमोर ती तोंड उघडत नाही. पण तिला फसवून काही काढू नका. जे विचाराल ते सरळ विचारा."

सकाळी मी भाकरी बांधून नेली. मिस्त्रीण व्हरांड्यात होती. कालपासून काही खाल्लं नव्हतं तिनं. मी भाकरी पुढं केली.

"आक्का, गिळत न्हाय."

"गिळत नसली तर चाव. चावलं की जातं खाली. मालकाला शुद्धीवर आल्यावर तुझं तोंड बघायचंय, ते सुकलेलं दिसलं तर त्यो परत बेशुद्ध पडंल."

ती रडता रडता हसली आणि तुकडा मोडला. हात पुढं आला तसा तोच वास. पदराच्या कोपऱ्याला तेलाचा डाग.

"पोरी," मी सरळ विचारलं, "काळ्या नळीला तेल तू लावलंस?"

"व्हय की," ती म्हणाली. इतक्या सहज, जणू मी भांडी घासलीस का विचारलं होतं. "खंडेनवमीला. समद्या हत्यारांना लावलं. का वो?"

मग तिनं सगळं सांगितलं. भांडण झालं त्या दिवशी मिस्त्री जेवताना कुरकुरत होता, की म्हातारा म्हणतो रबर उन्हानं तडकतं, निगा राख, मला अक्कल शिकवतो. मिस्त्रीणीनं मनात धरलं. निगा राखायला हवी ना, मग आपल्या माहेरी सोंडेची राखतात तशी राखू. माहेरहून करंजीचं तेल मागवलं. खंडेनवमीला दुकान झाडून, घण, पक्कड, सांडशी धुऊन पुसून तेल लावून मांडली. काळी नळी तर हुबेहूब सोंडच. बाहेरून चोळली, मग एक टोक वर धरून ओंजळभर तेल आत सोडलं, दुसऱ्या टोकानं निथळू दिलं. बाटल्याच्या तोंडाला, चावीला तेलाचं बोट लावून कुंकू टेकवलं.

"आन् तांबडी?"

"तेल सपलं. म्हनलं, दिवाळीला लावीन."

मी देवाला मनात हात जोडले. गॅसच्या नळीनंही असाच पेट घेतला असता, तर कुठलं दुकान आणि कुठला मिस्त्री!

"मालकाला कळलं नाही?"

"समदंच चकचकीत हुतं. त्येला वाटलं नुसतं पुसलंय, बरं वाटलं. म्हनला, माझी हत्यारं नवरीवानी दिसत्यात."

"आणि तात्या?"

आता मात्र तिनं मान खाली घातली. "त्येंची ऐरण आत हुती. खंडेनवमीला लोहारानं ऐरण पुजली न्हाय तर कसं व्हईल? म्हातारं दारात येऊन उभं ऱ्हायलं, मालक न्हाय बघून. म्या कुलूप काढलं. मालकानं सांगितलं हुतं त्येला पाऊल टाकू द्यायचं न्हाय. तवा म्या तात्यास्नी म्हनलं, कुणाला सांगू नगा. त्येनी ऐरणीवर हात ठिवून सांगितलं, न्हाय सांगणार. फूल वाह्यलं आन् गेलं. आक्का, म्यापण त्याच इचारात हाय. म्या आत घेतलं आन् त्येनी काय केलं म्हनून माझा मालक जळाला."

"त्यानं फूल वाहिलं, एवढंच केलं," मी म्हणाले. "चल उठ. तो तुझ्या शब्दापायी कच्च्या कैदेत बसलाय."

तिनं भाकरी फडक्यात ठेवली आणि उठली.

निरोप धाडला तसे साहेब दवाखान्यातच आले, मी त्यांना सगळं सांगितलं. तोवर मिस्त्रीला थोडं बोलता येऊ लागलं होतं. साहेबांनी त्याला एकच प्रश्न केला, "बाटल्याच्या तोंडाला तेल लागलं तर काय होतं?"

पट्ट्यांच्या आतून आवाज आला, "जाळ. ह्या हवेचं आन् तेलाचं वैर हाय, सायेब. जोरानं सोडली की तेल आपसूक पेटतं, काडी लागत न्हाय. मुंबईला पैल्या दिवशी हेच शिकवत्यात. पर तेल कुणी लावलं?"

मिस्त्रीण दाराशी उभी होती. ती आपणहून पुढं आली. "म्या. सोंडेला लावत्यात तसं."

मला वाटलं, आता हा ओरडणार. मग पट्ट्या हलायला लागल्या. मला आधी कळेना रडतोय की हसतोय. दोन्ही होतं.

"सोंडेला!" तो म्हणाला. "अगं, तात्याला सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगितलं, त्या हमालाला सुदिक सांगितलं का तेलाचा हात लावू नगंस. आन् घरात सांगायचंच ऱ्हायलं." मग म्हणाला, "तात्याला सोडा, सायेब. त्यो नळी न्हाय खराब करणार. त्यो माझं डोस्कं फोडंल, नळी न्हाय."

साहेबांनी नवी जबानी लिहून घेतली, पंच बोलावले, न जळालेला तुकडा त्यांना हुंगायला दिला. गुन्हा नाही, अपघात, असा अहवाल गेला. हवालदारांना हे पटायला वेळ लागला. "मग आरोपी कोण?" ते विचारत राहिले. साहेब म्हणाले, "करंज." दुपारी तात्याच्या कोठडीचं कुलूप मीच काढलं, हवालदारांनी किल्ली मुद्दाम माझ्या हातात दिली. बरे होते तेही.

बाहेर मिस्त्रीण उभी. तिनं तात्याच्या पायावर डोकं ठेवलं. तात्या मागं सरला.

"ऊठ. म्या सांगितलं न्हाय हां काई. तूच सांगितलंस. माझा शब्द माझ्यापाशी हाय."

"व्हय, तात्या."

"आन् ओंजळभर तेल? अगं, म्हशीला पाजतात का काय?"

ती हसली. मी हसले. व्हरांड्यातले शिपाई हसले. तात्या मात्र सरळ दवाखान्याच्या रस्त्याला लागला. मिस्त्रीचा हात बरा होईपर्यंत दुकान त्यानंच उघडलं. गॅसचं काम त्याला येत नव्हतं, म्हणून कोळशाची भट्टी लावून फाळ, कुऱ्हाडी करून दिल्या, आणि भिंतीवर पत्र्याची सावली काढून नव्या नळ्यांना जागा केली. सगळं गिऱ्हाइकांशी भांडत भांडत.

त्यानंतर मी खात्यात पुष्कळ वर्षं काढली. एक गोष्ट मात्र ह्याच प्रकरणानं शिकवली. ठाण्यात माणूस आला, की पहिला प्रश्न असतो, कुणाशी वैर आहे का? वैर असतंच, शोधलं की सापडतं. त्या दिवसापासून मी बायकांना आणखी एक विचारू लागले: ह्या वस्तूची काळजी घरात कोण घेतं? कितीदा तरी उत्तर तिथंच निघालं. आणि दुसरं, कामावरचा धोका माणूस साऱ्या जगाला सांगतो, घरच्या बाईला सांगत नाही. तिचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं त्याला. पण खंडेनवमीला हत्यारं पुसते ती तीच.

पुढच्या खंडेनवमीला मला दुकानात बोलावणं आलं. मिस्त्रीच्या गालावर डाग राहिला होता, हात चालत होता. एका अंगाला ऐरण, घण, सांडश्या तेलानं लखलखत मांडलेल्या. दुसऱ्या अंगाला धुतलेल्या कोरड्या फडक्यावर बाटला आणि दोन नळ्या, तांबडी नि काळी. त्यांना ना तेल, ना कुंकू. वरच्या खिळ्याला झेंडूची माळ, नळ्यांना न टेकेल अशी. मध्ये मिस्त्रीणीनं रांगोळीची रेघ ओढलेली.

तात्यानं ऐरणीला करंजीचं तेल चोळलं, राखेनं हात घासघासून धुतले, आणि तरीही रेघेच्या अलीकडंच थांबला.

मिस्त्रीण फुलं घेऊन पलीकडं निघाली तसा तो ओरडला, "थांब! हात दाव आधी."

तिनं दोन्ही तळवे पुढं केले. तात्यानं वाकून बघितले, पण त्याचा भरवसा बसेना. माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, तुमचं नाक सरकारी हाय. तुमी बघा."

मी तिचे तळवे नाकाशी धरले. झेंडूचा वास येत होता. दुसरा कसलाही नाही.

"जाऊ द्या तिला," मी म्हणाले.